अपूर्णांकाची ओळख : घरातला शब्द आणि वहीतले चित्र

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त पालक व शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी मोठमोठ्या विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. आजचा विषय मात्र तिसरी-चौथीच्या वहीतला आहे. एखाद्या चौकोनाचे किंवा वर्तुळाचे काही भाग रंगवलेले असतात. खाली प्रश्न असतो, ‘रंगवलेला भाग अपूर्णांकात लिहा’; आणि मुलाने आडव्या रेघेच्या वर एक व खाली एक अशा दोन संख्या लिहायच्या असतात. गोष्ट एवढीशीच, परंतु पुढे येणारे दशांश, शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, व्याज आणि बीजगणित हे सारे त्या एका रेघेवर उभे आहे. ज्या मुलाचा पाय येथे अडखळतो, ते पुढे पावलोपावली अडखळत राहते. आणि पुष्कळदा ‘गणित आपल्याला जमणारे नाही’ असा स्वतःविषयीचा निकाल ते वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षीच लावून मोकळे होते. हा निकाल किती अन्यायाचा असू शकतो, हे एका साध्या प्रसंगावरून ध्यानात यावे.

पाचांपैकी एक गुण

वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारी चौथीतील एक मुलगी. तिच्या वर्गात अपूर्णांकांची छोटी चाचणी झाली. हाताने काढलेल्या पाच आकृत्या आणि पाच गुण. मुलीला मिळाला एक गुण. संध्याकाळी घरी आल्यावर तिने दप्तर कोपऱ्यात ठेवले आणि आईला सांगितले, “आई, मला गणित येत नाही. आपल्या घरात कुणालाच येत नाही.”

खोलीत तिचे आजोबा बसले होते. गिरणीच्या साचेखात्यात उमेदीची वर्षे घालवलेला, १९८२च्या संपानंतर मिळेल ते काम करून संसार ओढलेला हा माणूस. शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत. पण दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब तोंडी करणारा. “दीड लिटर रोज, तीस दिवस. तीस दीडे पंचेचाळीस,” असे म्हणून कागदाला हातही न लावता उत्तर सांगणारा. ज्या घरात कुणालाच गणित येत नाही असे नात म्हणत होती, त्या घरात अपूर्णांकाचे गणित रोज सकाळी दारात उभे राहून होत होते. मुलीला ते ठाऊक नव्हते, आजोबांनाही ठाऊक नव्हते. ‘दीड’ आणि ‘एक पूर्णांक एक छेद दोन’ ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, हे दोघांना कुणी सांगितलेच नव्हते.

त्या पाच आकृत्या आणि मुलीची पाच उत्तरे आता क्रमाने पाहू. मुलांच्या चुका निष्काळजीपणाच्या क्वचितच असतात. त्यांच्यामागे काही एक विचार असतो, आणि तो विचार समजला की शिकवण्याची दिशा आपोआप सापडते.

पहिली आकृती : तीन आणि एक

एक चौकोन, त्याच्या चार समान पट्ट्या, तीन रंगवलेल्या. मुलीने लिहिले, तीन छेद एक. तीन रंगवलेल्या, एक कोरी. जे डोळ्यांना दिसले ते तिने मोजून लिहिले. मोजण्यात चूक नाही. चूक आहे ती प्रश्न समजण्यात. रंगवलेला भाग हा ‘पूर्णाचा’ भाग असतो, म्हणून रंगवलेल्या पट्ट्या दोनदा मोजाव्या लागतात : एकदा वर अंशात आणि एकदा खाली, सर्वांबरोबर, छेदात. गोट्या किंवा पेन्सिली मोजणाऱ्या मुलाला एकच वस्तू दोनदा मोजायची सवय नसते. म्हणून त्याला हे अवघड जाते.

यावर उपाय अगदी सोपा आहे. मुलाला आकृती दाखवताच ‘किती रंगवले?’ असे विचारू नये. प्रथम त्याचे बोट धरून आकृतीच्या सगळ्या बाहेरच्या कडेवरून फिरवावे आणि विचारावे, “पूर्ण कोणते?” मग विचारावे, “त्याचे एकूण समान भाग किती?” या उत्तराची संख्या रेघेखाली लिहावी. सर्वांत शेवटी, “त्यांतले रंगवलेले किती?” ती संख्या वर लिहावी. म्हणजे खालची संख्या आधी आणि वरची नंतर. आपली परिभाषा या बाबतीत फार उपकारक आहे. ‘छेद’ म्हणजे कापणे आणि ‘अंश’ म्हणजे हिस्सा. किती तुकडे कापले ते छेद सांगतो, किती तुकडे घेतले ते अंश सांगतो. हा अर्थ एकदा उमगला की नावे वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

दुसरी आकृती : बरोबर ठरलेली चूक

दुसरी आकृती वर्तुळाची. त्यात तीन उभ्या समांतर रेघा मारून चार भाग केले होते आणि कडेचा एक भाग रंगवला होता. मुलीने लिहिले, एक छेद चार. त्यावर बरोबरची खूण झाली. तिचा एकुलता एक गुण तो हाच. परंतु सर्वांत काळजी करण्यासारखे उत्तर हेच आहे.

घरात भाकरी अशी उभ्या पट्ट्यांत कापून चार भावंडांना दिली तर काय होईल? कडेच्या दोघांच्या वाट्याला निमुळते तुकडे येतील आणि मधल्या दोघांना मोठे मिळतील. सर्वांत धाकटे मूलही लगेच तक्रार करील. वाटणी समान हवी, हे पोटाला कळते. पण वहीतल्या वर्तुळापाशी आल्यावर तेच मूल फक्त तुकडे मोजते. समानतेची अट त्याच्या मनातून निघून जाते, कारण पुस्तकातील आकृत्या नेहमीच समान भागांच्या असतात. जी गोष्ट नेहमीच असते, तिच्याकडे पाहण्याची गरज मुलाला वाटत नाही.

म्हणून अधूनमधून मुद्दाम असमान भागांची आकृती द्यावी आणि ‘भाग समान नाहीत, म्हणून नुसते मोजून नाव देता येत नाही’ या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत. प्रत्येक प्रश्नाला संख्येतच उत्तर असते, हा मुलांचा समज मोडणे हेदेखील शिक्षणच आहे. वरळीच्या मुलांना याचे उत्तम उदाहरण जांबोरी मैदानावर दाखवता येईल. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान तेरा मीटर लांब असते. मध्यरेषा त्याचे दोन समान भाग करते, प्रत्येकी साडेसहा मीटरचे. हा खरा अर्धा. पण प्रत्येक अर्ध्यात मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा असते. मागे पावणेदोन मीटर उरतात. अर्ध्याचे भाग तीन झाले, पण त्यांतला एकही भाग त्या अर्ध्याचा ‘एक तृतीयांश’ नव्हे. मैदानावर वावरणाऱ्या मुलाला हे एका क्षणात पटते.

तिसरी आकृती : आठ मोठा की चार?

तिसऱ्या प्रश्नात दोन अपूर्णांक दिले होते, एक छेद चार आणि एक छेद आठ. आणि मोठा कोणता ते विचारले होते. मुलीने एक छेद आठ लिहिले. आठ हे चारपेक्षा मोठे, हे ती पहिलीपासून शिकत आली आहे. तीन वर्षे जो नियम खरा ठरला, तो अचानक उलटा का व्हावा?

येथे नियम सांगून उपयोग नाही; हातांनी करून पाहिले पाहिजे. एक चौकोनी कागद किंवा हातरुमाल घ्यावा. कडेवर कड बसवून घडी घातली की अर्धा. पुन्हा घडी घातली की पाव. आणखी एक घडी घातली की एक अष्टमांश. प्रत्येक घडीबरोबर भागांची संख्या दुप्पट होते आणि हातातली घडी लहान होत जाते. एकाच आकाराच्या दोन कागदांवर पाव आणि एक अष्टमांश रंगवून ते शेजारी ठेवावेत. मग घरातली भाषा वापरावी : नारळाची वडी चौघांत वाटली तर तुकडा मोठा, की आठ जणांत वाटली तर? एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत सहा-आठ माणसांनी संसार केलेल्या चाळीत याचे उत्तर मुलांना शिकवावे लागत नाही. वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो, हे त्यांनी अनुभवलेले असते. हा अनुभव त्या रेघेखालच्या संख्येशी जोडून देणे एवढेच शिक्षकाचे काम.

घडीचा आणखी एक लाभ आहे. चौकोनाचे चार समान भाग तीन रीतींनी होतात : चार पट्ट्या, चार लहान चौकोन, किंवा दोन्ही कर्णांवर घडी घालून चार त्रिकोण. तिन्हींमध्ये एकेक भाग रंगवून विचारावे, यांतला कोणता पाव मोठा? बहुतेक मुले त्रिकोणाकडे किंवा पट्टीकडे बोट दाखवतात. मग त्रिकोण मधोमध कापून त्याचे दोन तुकडे जुळवून दाखवावेत. त्यांचा बरोबर तो लहान चौकोन तयार होतो. ‘समान’ म्हणजे एकसारखा दिसणारा नव्हे, तर तेवढीच जागा व्यापणारा, ही सूक्ष्म गोष्ट एका कात्रीने समजते.

चौथी आकृती : सव्वा की पाच अष्टमांश?

चौथ्या आकृतीत दोन वर्तुळे होती, प्रत्येकाचे चार समान भाग. पहिले पूर्ण रंगवलेले आणि दुसऱ्याचा एक भाग रंगवलेला. मुलीने एकूण भाग मोजले, आठ. रंगवलेले मोजले, पाच. आणि लिहिले पाच छेद आठ. आधी सांगितलेली रीत तिने जणू अचूक वापरली. तरी उत्तर चुकले, कारण ‘पूर्ण कोणते?’ हा प्रश्न तिने विचारला नाही. पूर्ण म्हणजे एक वर्तुळ. त्या मापाने रंगवलेला भाग एक पूर्ण आणि वर एक चतुर्थांश होतो.

हीच आकृती आजोबांना दाखवली असती तर ते काय म्हणाले असते? “सव्वा.” दोन भाकऱ्यांपैकी एक अख्खी आणि दुसरीची चतकोर समोर ठेवली तर ‘पाच अष्टमांश’ असे कोणताही मराठी माणूस म्हणणार नाही. मराठीतील हे छोटे छोटे शब्द म्हणजे पिढ्यान् पिढ्या जपलेले गणितच आहे. ‘पाव’ हा शब्द संस्कृत ‘पाद’ यावरून आला. चतुष्पादाचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. (वडापावातला पाव मात्र पोर्तुगीजांकडून आला. मुलांना हा भेद सांगितला की ती हसतात आणि शब्दही लक्षात ठेवतात.) ‘पाऊण’ म्हणजे पादोन, पावाने उणा. ‘सव्वा’ म्हणजे सपाद, पावासह. ‘अडीच’ हा शब्द ‘अर्धतृतीय’ यावरून आला : दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. जुन्या पिढीने पाठ केलेल्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी ही सारी अपूर्णांकांचीच कोष्टके होती. त्यांच्या बळावर कापडाच्या पेढीवर सव्वादोन मीटरचे बिल आकडेमोडीच्या यंत्राविना होत असे.

रुपयाही तेव्हा सोळा आण्यांचा होता. पावली म्हणजे चार आणे, अधेली म्हणजे आठ आणे. बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली, तरी पंचवीस पैशांच्या नाण्याला लोक ‘चार आणे’च म्हणत राहिले. ३० जून २०११पासून तेही नाणे चलनातून गेले. आज दुकानात इलेक्ट्रॉनिक काट्यावर ‘दोनशे पन्नास ग्रॅम’ अशी संख्या उमटते आणि पैसे मोबाइलवरून जातात. लहान मुलाच्या हाताला पूर्वी जो पाव आणि जो अर्धा रोज लागत असे, तो आता लागत नाही. यात कुणाचा दोष नाही, काळ बदलतो. पण याचा अर्थ असा की वहीतील रंगवलेल्या आकृतीवरचा भार आता वाढला आहे. पूर्वी ती आकृती घरातल्या अनुभवाची आठवण करून देत असे. आता पुष्कळ मुलांच्या बाबतीत अनुभवच तिथून सुरू होतो. म्हणून ती आकृती घाईने उरकून चालणार नाही.

पाचवी आकृती : चूक ठरलेले बरोबर उत्तर

पाचवी आकृती वीस चौकटींची होती, दोन ओळींत दहा-दहा. एक ओळ रंगवलेली. मुलीने लिहिले, दहा छेद वीस. अपेक्षित उत्तर होते एक छेद दोन, म्हणून लाल फुली बसली. वास्तविक दोन्ही उत्तरे बरोबर. एकाच भागाला अनेक नावे असतात, हा अपूर्णांकांचा सर्वांत सुंदर गुण. त्याचे पहिले दर्शन त्या मुलीला झाले होते, आणि नेमके तेच चूक ठरले. शिक्षकांवर असलेला कामाचा ताण लक्षात घेता असे घडते, हे मान्य आहे. तरीही उत्तर वेगळे दिसले की ‘हे तू कसे काढलेस?’ एवढे विचारण्याची सवय घरी आणि शाळेत लावून घेतली, तर कितीतरी मुलांची उमेद वाचेल.

आणि ही आकृती तर त्या मुलीच्या घराचीच होती!

चाळ हाच तक्ता

बीडीडी चाळींचे नाव बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या खात्यावरून पडले. सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना १९२०मध्ये हे खाते स्थापन झाले आणि त्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे कामगारांसाठी या चाळी उभ्या राहिल्या. एकट्या वरळीत १२१ इमारती. तळमजला अधिक तीन मजले, म्हणजे एकूण चार थर. प्रत्येक थरावर मधल्या सामाईक मार्गाच्या दोन्ही बाजूंना मिळून वीस खोल्या. संपूर्ण इमारतीत ऐंशी. प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. बांधणाऱ्यांनी फक्त राहण्याची सोय पाहिली असेल, पण अपूर्णांक शिकवायला याहून चांगली आकृती शोधून सापडणार नाही.

मुलाला कागदावर चार आडव्या ओळी आणि प्रत्येक ओळीत वीस चौकटी आखू द्याव्यात. आपली खोली त्याने स्वतः रंगवावी. ती मजल्याचा एक छेद वीस आहे आणि इमारतीचा एक छेद ऐंशी. खोली तीच, पण ‘पूर्ण’ बदलले की नाव बदलले. मग संपूर्ण मजला रंगवावा : इमारतीचा पाव, किंवा वीस छेद ऐंशी. मजल्याचा पाव म्हणजे पाच खोल्या आणि इमारतीचा पाव म्हणजे वीस खोल्या. दोन्ही पावच, पण एक पाव दुसऱ्याच्या चौपट. तीन मजले रंगवले की पाऊण. मार्गाच्या एका बाजूच्या खोल्या रंगवल्या की मजल्याचा अर्धा, दहा छेद वीस. चाचणीतील पाचवी आकृती हीच. वर्गातल्या कागदावर त्या वीस चौकटी परक्या वाटल्या. घराच्या मार्गात उभे राहून मोजल्या की त्या ओळखीच्या होतात.

‘पाव’ आणि ‘अर्धा’ यांच्यापलीकडे, तृतीयांशासाठी, मराठी बोलीत तेवढा सुटसुटीत शब्द नाही. म्हणून मुले तेथे अडतात. गिरणगावातील घरात तेही उदाहरण मिळते. दिवसाचे चोवीस तास चोवीस चौकटींच्या पट्टीवर मांडावेत आणि आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या धरून एक पाळी रंगवावी : आठ छेद चोवीस, म्हणजेच एक तृतीयांश. ज्या आजोबांनी पाळ्या केल्या, त्यांच्याकडूनच ही पट्टी रंगवून घेता येईल. थोड्या मोठ्या मुलांना इतिहासातील चौथाई आणि सरदेशमुखी यांचीही आकृती काढू द्यावी. महसुलाचा एक चतुर्थांश आणि आणखी एक दशांश. दहाचे चार समान भाग होत नाहीत, मग एकाच पट्टीवर दोन्ही कसे दाखवावेत? वीस चौकटी घेतल्या की पाच आणि दोन चौकटींत प्रश्न सुटतो. लघुतम साधारण विभाज्य या विषयाचे दार येथूनच उघडते.

या पद्धतीने अपूर्णांक हाताळण्याची आपल्या देशातील परंपरा फार जुनी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इसवी सनाच्या नवव्या शतकात, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्यात ‘कलासवर्ण’ नावाचा स्वतंत्र विभाग अपूर्णांकांनाच वाहिलेला आहे, आणि छेद समान करण्यासाठी लघुतम साधारण विभाज्याची रीत त्यात ‘निरुद्ध’ या नावाने दिली आहे. प्राचीन इजिप्तमधील ऱ्हाइंड पपायरस या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या लेखात तर अगदी सुरुवातीलाच दहा माणसांत पाव-रोट्या वाटण्याची उदाहरणे आहेत. म्हणजे संस्कृती कोणतीही असो, अपूर्णांकाचा जन्म वाटणीतून झाला. आकृती नंतर आली.

आपल्या मुंबईतही या विषयाचा गंभीर विचार झालेला आहे. ताराबाई मोडकांनी १९३६मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले आणि मुलाच्या हाताला काम देणारी शिक्षणपद्धती येथे रुजवली. मॉन्टेसोरी साहित्यातील वर्तुळांचा संच पुष्कळांनी पाहिला असेल : एक वर्तुळ अखंड, दुसरे दोन भागांचे, असे करत दहा भागांपर्यंत. मूल तुकडे उचलते, एकमेकांवर ठेवते, आणि दोन पाव मिळून अर्धा होतो हे स्वतः शोधते. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अभ्यासकांनीही अपूर्णांक शिकवताना केवळ रंगवलेल्या भागावर न थांबता समान वाटणी आणि मोजमाप या दोन वाटांनी जाण्यावर भर दिला आहे. तीन पोळ्या चार मुलांत वाटल्या तर प्रत्येकाला किती? प्रत्येक पोळीचे चार भाग करून प्रत्येकीतला एक-एक घेतला की हातात तीन चतुर्थांश येतात. पहिल्या आकृतीत तीन छेद एक लिहिणाऱ्या मुलीला हे सांगितले असते, तर ‘तीन’ आणि ‘चार’ या दोन्ही संख्यांचा अर्थ तिला पोळीनेच शिकवला असता.

पालकांनी काय करावे?

यासाठी शिकवणी लावण्याची गरज नाही, की महागडे साहित्य आणण्याचीही नाही. एक जुना कागद, एक रंगीत खडू आणि रोजची दहा मिनिटे पुरेत. मुलाने आकृती आधी घडीने करावी, मग रंगवावी आणि मगच लिहावी. तीन प्रश्नांचा क्रम सोडू नये : पूर्ण कोणते, समान भाग किती, त्यांतले घेतलेले किती. प्रत्येक आकृतीचे नाव दोन्ही भाषांत म्हणवून घ्यावे. घरच्या भाषेत ‘पाऊण’, शाळेच्या भाषेत ‘तीन चतुर्थांश’ किंवा ‘तीन छेद चार’. स्वयंपाकघरात आईने ‘अर्धी वाटी’, ‘पाऊण कप’ म्हणताना मुलाला भांडे हातात द्यावे. आणि घरातील वडीलधाऱ्यांना, मग त्यांचे शिक्षण कितीही असो, या अभ्यासात बसवून घ्यावे. त्यांच्याजवळ जे आहे ते पुस्तकात नाही.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या आजोबांनी तेच केले. शेजारच्या एका शिक्षिकेने त्यांना आकृत्यांचा अर्थ समजावून दिला तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी नातीला जवळ बोलावले आणि दोघांनी मिळून कागदावर इमारत आखली. तीन मजले रंगवून झाल्यावर त्यांनी विचारले, “पोरी, हे किती झाले?” तिने बोट कडेवरून फिरवले, थर मोजले आणि म्हणाली, “तीन छेद चार.” आजोबा म्हणाले, “आमच्या गुरुजींनी याला पाऊण म्हणायला शिकवलं होतं.” नात त्यांच्याकडे पाहत राहिली. “म्हणजे आजोबा, तुम्हाला हे येतं?” त्यावर त्यांनी पाऊणकी म्हणायला सुरुवात केली : एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. नातीने प्रत्येक ओळीपुढे आकृती काढली. तिसऱ्या ओळीला तिने दोन पूर्ण चौकोन आणि तिसऱ्याचा पाव रंगवला. चाचणीतल्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर तिला पुन्हा कुणी समजावून सांगावे लागले नाही.

वरळीच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या टप्प्यातील ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींमधील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० ची तिप्पट ४८०. म्हणजे जुनी खोली नव्या घराच्या एक तृतीयांशाहून किंचित कमी. अपूर्णांक समजलेले मूल हे स्वतः सांगू शकेल, आणि उद्या घराचा करारनामा, कर्जाचे व्याज किंवा वारसाहक्काची वाटणी समोर आली तर आपला हिस्सा किती हे त्याला दुसऱ्या कुणाला विचारावे लागणार नाही. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना आपला हिस्सा कागदावर वाचता आला नाही, त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

एकेक करून जुन्या इमारती पाडल्या जातील आणि चार थर, वीस खोल्या, मधला मार्ग हे दृश्य पुढच्या मुलांना पाहायला मिळणार नाही. त्याआधी प्रत्येक मुलाने आपली इमारत एकदा कागदावर आखावी, आपली खोली रंगवावी आणि तिचे नाव लिहावे : एक छेद ऐंशी. तो कागद आई-वडिलांनी जपून ठेवावा, एवढीच सर्व पालकांना नम्र विनंती.